ओएचपी शीटच्या फुलांचा क्लास, इंदिरानगर : बायकोच्या जागी मी बसलो, त्याचा रिव्ह्यू

पहिलंच सांगून टाकतो, हा क्लास मी लावलेला नव्हता, सौ.ने लावला होता. डिसेंबरात लेकीचं लग्न आहे, रुखवत विकत आणायचं नाही घरीच करायचं असं हिचं आणि हिच्या बहिणीचं फोनवर परस्पर ठरलं, त्यात ओएचपी शीटची, म्हणजे जुन्या ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवायच्या पारदर्शक प्लास्टिक शीटची, काचेसारखी दिसणारी फुलं पाहिजेतच असं कुठल्यातरी व्हिडिओवरून ठरलं, आणि इंदिरानगरला एक बाई घरच्या गच्चीवर रविवारचा एक दिवसाचा क्लास घेतात तिथे ११०० रुपये भरूनही झाले. पैसे परत मिळणार नाहीत हे मेसेजमध्ये तीनदा लिहिलेलं होतं. आणि नेमकं शनिवारी रात्री हिची मावशी पाय घसरून पडली, ही पहाटे उठून ओझरला गेली, जाताना दारात चपला घालता घालता मला म्हणाली, तुम्ही जाऊन या, नाहीतरी रविवारी दुकान बंदच असतं आणि कात्री बरी चालवता तुम्ही.

माझं झेरॉक्सचं दुकान आहे. २६ वर्षं झाली. झेरॉक्स, प्रिंट, लॅमिनेशन, स्पायरल बाइंडिंग, प्रोजेक्टच्या काळ्या फाईली. हे आत्ताच सांगतोय कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

तर जागा. इमारत सापडायला सोपी, सिटीलिंकच्या स्टॉपपासून पाच मिनिटं चालत, पण पार्किंगच्या नावाने बोंब, गाडी समोरच्या मेडिकलसमोर लावली तर तो मेडिकलवाला बाहेर येऊन नुसता बघत उभा राहतो. क्लास गच्चीवर, वर पत्र्याची शेड. ऑक्टोबर हीट काय असते ते नाशिककरांना सांगायला नको, लोक म्हणतात नाशिक थंड, पण ऑक्टोबरात पत्र्याखाली दुपारी बारा वाजता बसून बघा. आणि दोन पंखे होते पण ते बंद, कारण टेबलावर मेणबत्त्या. घाम पुसायला रुमाल न्या, दोन न्या. पाणी मात्र माठातलं होतं, चांगलं गार, त्याचे मार्क देतो.

मी पोचलो तर अकरा बायका आधीच बसलेल्या. एकीने विचारलं, काका, सोडायला आलात का? म्हटलं नाही, बसायला आलोय. मग जरा हसाहशी झाली, आणि एक कॉलेजची मुलगी सरकून मला जागा देत म्हणाली या काका इथे मेणबत्ती मोठी आहे. त्यानंतर दिवसभर कोणी वेगळं वागवलं नाही, उलट तार वाकवायची असली की पक्कड माझ्याकडे यायची.

आता मुख्य गोष्ट, शिकवणं. बाईंचा हात म्हणजे खरंच बघण्यासारखा आहे. साधी पारदर्शक शीट, त्याखाली कागदावर काढलेली पाकळी ठेवायची, मार्करने शिरा ओढायच्या, रंग द्यायचा, कापायची, इथपर्यंत कोणीही करेल, व्हिडिओ बघून पण करेल. खरी गंमत ज्योतीवर आहे. पाकळी चिमट्यात देठाकडून धरायची, ज्योतीच्या वर साधारण दोन बोटं ठेवायची, ज्योतीत नाही, ज्योतीत गेली की काजळी धरते आणि काचेसारखी फुलं चुलीवरच्या पातेल्यासारखी दिसायला लागतात. एका जागी थांबवायची नाही, फुलका गॅसवर फिरवतो तशी फिरवत राहायची. दोन-तीन सेकंद शीट काहीच करत नाही, आपल्याला वाटतं अजून जवळ न्यावी, आणि तेवढ्यात कड एकदम वळते. वळायला लागली की लगेच बाजूला, कारण बाजूला घेतल्यावरही ती क्षणभर वळतच असते. हे बाईंनी बोलून सांगितलं नाही, आमच्या प्रत्येकीच्या, म्हणजे प्रत्येकाच्या, मनगटाला धरून करून घेतलं.

आणि दुसरी गोष्ट जी मला कुठल्याच व्हिडिओत दिसली नव्हती, की शीट आचेच्या बाजूला वळते. गुलाबाच्या बाहेरच्या पाकळ्या बघा, कड बाहेर मागे वळलेली असते, आतल्या पाकळ्या आत मिटलेल्या असतात. म्हणून बाहेरच्या पाकळीची पाठ ज्योतीकडे धरायची आणि आतल्या पाकळीचं पोट. एवढंच, पण हे कळेपर्यंत माझी पहिली पाच फुलं गुलाब कमी आणि कोबी जास्त होती. मग पाकळी गरम असतानाच डावाच्या पाठीवर अंगठ्याने दाबायची, म्हणजे वाटीसारखा खोलगटपणा येतो (अंगठ्याला चटका बसतो, दुसऱ्या दिवशी नोटा मोजताना समजतं). बाईंचा तो डाव स्वयंपाकाचाच होता, वापरून वापरून गुळगुळीत झालेला, त्यांनी सांगितलं की भांडी बाजारातून आणलेल्या नवीन डावाने तसं होत नाही, मला ते पटलं नाही, नवीननेही होतं, घरी केलं मी.

एका गुलाबाला १३ पाकळ्या, ३ छोट्या, ५ मधल्या, ५ मोठ्या. मध्ये पोलनचा, म्हणजे तयार मिळणाऱ्या पुंकेसरांचा, गुच्छ, तो २६ गेजच्या बारीक तारेने १८ गेजच्या जाड तारेला बांधायचा. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, हे पण एकदा डोक्यात बसवून घ्या नाहीतर दुकानात उलटं मागाल. खाली हिरवी टेप. ही टेप चिकटतच नाही म्हणून मी दहा मिनिटं झगडत होतो, मग शेजारची मुलगी म्हणाली काका ओढा ना तिला. ताणली की मगच तिच्यातलं मेण मोकळं होतं आणि ती स्वतःलाच चिकटत जाते. झेरॉक्सवाल्याला टेप चिकटवता येत नाही म्हणून परत एकदा हसाहशी.

इथपर्यंत सगळं पाचपैकी पाच. आता कुठे बिघडलं ते सांगतो.

फीमध्ये एक किट मिळतं. त्यात दहा पारदर्शक शीट, चार मार्कर, अल्कोहोल इंकच्या (अल्कोहोलमधला पातळ रंग) दोन बाटल्या, तार, टेप, पोलन. किटच्या पिशवीवर स्टिकर, ओएचपी शीट. पहिली पाकळी ज्योतीवर धरली आणि मला वास आला. तो वास मी ओळखतो. डोळ्यांना चुरचुरणारा, घशाशी येणारा, आंबट आंबट. गच्चीवर आठ-दहा मेणबत्त्या, बारा जणं, बारा पाकळ्या, पंखे बंद, हळूहळू सगळ्यांचेच डोळे पाणावले, एक ताई म्हणाल्या कांदा कापल्यासारखं होतंय, आणि बाई म्हणाल्या सवय होते.

मला तो वास माहीत आहे त्याचं कारण साधारण पंधरा वर्षांपूर्वीचं. तेव्हा पोरं सेमिनारला ओएचपी शीट घेऊन यायची, ओव्हरहेड प्रोजेक्टर असायचे ना कॉलेजात, आदल्या रात्री आठ वाजता शटर खाली ओढताना यायची, काका चाळीस शीट काढून द्या. एकदा एका पोराने स्वतःच्या शीट आणल्या, स्वस्तात मिळाल्या म्हणाला, मी पण घाईत होतो, बघितलं नाही, ट्रेमध्ये टाकल्या. त्या बाइंडिंगच्या शीट होत्या, स्पायरल फाईलला वर पारदर्शक कव्हर लावतात त्या. झेरॉक्स मशीनच्या आत शाई कागदावर पक्की करायला जो रोलर असतो तो साधारण १८० ते २०० अंश गरम असतो. खरी ओएचपी शीट पॉलिएस्टरची, ती वितळायला अडीचशेच्या वर अंश लागतात, म्हणून ती आरामात आतून जाऊन बाहेर येते. बाइंडिंगची शीट पीव्हीसीची, ती ८० अंशाच्या आसपासच मऊ पडायला लागते. ती रोलरला अशी गुंडाळली गेली की काय सांगू, आणि दुकानभर हाच वास. मेकॅनिकने रोलर बदलला, तीन दिवस मशीन बंद, खर्च किती आला ते सौ.ला आजपर्यंत सांगितलेलं नाही आणि हे ती वाचणार नाही अशी आशा आहे.

तर बाईंच्या किटमधली शीट पीव्हीसीची होती. दिसायला सेम. मी कोपरा दुमडून पाहिला, घडीवर पांढरी रेघ उमटली. खरी ओएचपी दुमडली तर घडी पडते पण अशी पांढरी होत नाही. हलवून पाहिली, ओएचपी शीट हलवली की पत्र्यासारखी खडखड वाजते, ही जरा मऊ, थबथब. आणि एकावर एक दहा ठेवून कडेने पाहिलं तर निळसर झाक. हे तिन्ही माझ्या दुकानातले रोजचे प्रकार, यात हुशारी काही नाही.

पीव्हीसीत क्लोरीन असतो. आच जास्त लागली, करपली, की त्यातून हायड्रोजन क्लोराइड नावाचा वायू निघतो, तो ओलाव्याला लागला की आम्ल, आणि आपल्या डोळ्यांत, नाकात, घशात ओलावाच असतो. म्हणजे ते कांदा कापल्यासारखं वगैरे नव्हतं. सवय होण्यासारखी ती गोष्ट नाही.

आता सांगायचं कसं हा प्रश्न होता. मी एकटा पुरुष, त्यात बायकोच्या जागी आलेला, त्यात शहाणपणा शिकवायचा म्हणजे. पण शेजारच्या मुलीला दमा असावा, पर्समधला पंप काढून ठेवला होता तिने टेबलावर. मग मी उठून बाईंजवळ गेलो, हळू आवाजात म्हटलं, मॅडम, ही ओएचपी नाहीये, बाइंडिंगची आहे. त्या म्हणाल्या, काका, मी चार वर्षं हीच वापरते, होलसेलवाला ओएचपी म्हणूनच देतो. म्हटलं, तो देत असेल, पण माझं दुकान आहे झेरॉक्सचं, माझ्याकडे पोत्याने पडल्यात खऱ्या, जेवणाच्या सुट्टीत आणून दाखवतो. त्यांचं तोंड जरा उतरलं, स्वाभाविक आहे, अकरा जणी ऐकत होत्या, मी कितीही हळू बोललो तरी. पण एक गोष्ट त्यांनी लगेच केली, सगळ्या मेणबत्त्या विझवायला लावल्या आणि जेवणाची सुट्टी अर्धा तास आधी दिली.

मी गाडी काढली, इंदिरानगरच्या बोगद्यात रविवारी पण दहा मिनिटं अडकलो, दुकानाचं शटर अर्धं उघडून मागच्या फळीवरून दोन पाकिटं घेतली. १०० शीटची पाकिटं, १०० मायक्रॉन. ओएचपी बंद पडून किती वर्षं झाली, सगळे प्रोजेक्टरवर डायरेक्ट कॉम्प्युटर लावायला लागले, आणि माझ्याकडे अकरा पाकिटं तशीच. सौ. दर दिवाळीला म्हणायची टाका ती भंगारात. येताना वाटेत मिसळ खाल्ली, त्याचा रिव्ह्यू वेगळा लिहीन.

दुपारी दोन्ही शीट शेजारी शेजारी करून पाहिल्या आणि तिथे क्लासचा खरा क्लास झाला असं म्हणेन मी. खरी ओएचपी वळायला जास्त आच मागते, आधी ढिम्म असते, मग एकदम टणकन वळते, आणि एकदा वळली की आकार सोडत नाही. कारखान्यात ही फिल्म बनवताना दोन्ही दिशांना ताणून बसवलेली असते, आच लागली की तो ताण सुटतो आणि ती आखडते. त्यामुळे कडेला बारीक लाटा येतात, खऱ्या गुलाबाच्या पाकळीला असतात तशा. पीव्हीसी मऊ पडते, लोंबते, तिला हाताने आकार द्यावा लागतो, नवशिक्याला ती सोपी वाटते हे खरंय, एक ताई म्हणाल्या पण, की मला जुनीच बरी वाटली हो. पण जरा दुर्लक्ष झालं की पिवळी-तपकिरी पडते आणि वास. ओएचपीला जवळजवळ वास नाही, म्हणजे प्लास्टिक तापल्याचा जो असतो तेवढाच, डोळे नाही चुरचुरले कोणाचे. तरी खिडकी उघडी पाहिजेच, गच्ची असली तर उत्तम, आणि शीट करपवायची नाही, कुठलीच.

बाईंनी स्वतः ओएचपीची एक लिली केली. दोन पाकळ्या वाया गेल्या त्यांच्या, कारण हाताला दुसऱ्या शीटची सवय, तिसरीपासून जमलं आणि ती लिली अशी काही झाली की सगळ्या उठून फोटो काढायला गेल्या. उन्हात धरली तर पाकळीच्या कडेला उजेडाची बारीक रेघ दिसत होती. कड वितळून गोल झाल्यामुळे ती तशी दिसते, आणि त्याचा दुसरा फायदा म्हणजे कापलेल्या शीटची कड ब्लेडसारखी असते, ती बोथट होते. रुखवताला पोरं हात लावणारच, तर ज्योतीवरून कड फिरवलेली नसेल तर ते फूल टेबलावर ठेवू नका.

दुसरी तक्रार, आणि ही मला शीटपेक्षा मोठी वाटते. रंगासाठी अल्कोहोल इंक, ती पातळ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, त्याची अर्ध्या लिटरची बाटली आणि पेटत्या मेणबत्त्या एकाच टेबलावर. झाकण उघडं. मी दुकानात मशीनच्या काचा त्याच द्रावणाने पुसतो, म्हणून माहीत आहे, त्याची वाफ १२ अंशालाच पेट घेण्याइतकी तयार होते, आणि आपण बसलो होतो पस्तिशीच्या आसपास. मी बोललो तेव्हा बाटली खाली ठेवली गेली, पण तीन वाजता परत टेबलावर आली होती. रंगाचं टेबल वेगळं आणि ज्योतीचं टेबल वेगळं, मध्ये पाच-सहा फूट अंतर, एवढं करायला काही पैसे लागत नाहीत. आणि रंगवलेली पाकळी पूर्ण वाळल्याशिवाय ज्योतीवर न्यायची नाही, सॉल्व्हंटवाला ग्लास कलर असेल तर रात्रभर वाळू द्यायचा. एक बादली पाणी आणि ओलं फडकं पण नव्हतं तिथे.

रंगाचं काम मात्र मजेदार आहे, मी पोरासारखा खेळलो. शीटवर दोन थेंब इंक, त्यावर एक थेंब अल्कोहोल, आणि स्ट्रॉने हलकी फुंकर. रंग पळतो, कडेला गडद होतो, मध्ये फिका, अगदी जास्वंदीच्या पोटात असतो तसा. एक फुंकर जास्त मारलीत तर सगळं समोरच्या ताईंच्या ओढणीवर. सॉरी ताई परत एकदा. हे रंग उन्हात उडतात, तेव्हा फुलं खिडकीत ठेवू नका.

किटबद्दल. पोलन चांगले, टेप चांगली, तार ठीक. मार्कर चारपैकी एक कोरडा. शीट वर सांगितली तशी. नुसतं किट बाई ४५० रुपयांना वेगळं पण विकतात, ते घेऊ नका, आत्ता तरी. तोच माल मेन रोड आणि रविवार कारंज्याच्या आसपासच्या स्टेशनरी-क्राफ्टच्या दुकानांत सुटा घेतला तर निम्म्यात होतो, फक्त गाडी लावायला जागा मिळणार नाही, शालिमारला उतरून चालत जा. आणि शीट मागताना नुसतं ट्रान्सपरंट शीट म्हणू नका, दुकानदार हातात येईल ती देतो, लबाडी असतेच असं नाही, त्याला दोन्ही सारख्याच. झेरॉक्स किंवा लेझर प्रिंटरला चालणारी ओएचपी द्या असं म्हणा, पाकिटावर तसं लिहिलेलं असतं. काही पाकिटांत शीटच्या एका कडेला कागदाची पांढरी पट्टी असते, मशीनला शीट दिसावी म्हणून लावलेली, ती ओढून काढा. इंकजेटची शीट वेगळी, तिला एका बाजूला खरखरीत थर असतो, त्यावर अल्कोहोल इंक पसरतच नाही, जिथे पडते तिथेच बसते. माझ्याकडची इंकजेटची जुनी पाकिटं तर दमट हवेने चिकट होऊन एकमेकांना धरून बसलेली निघाली, ती खरंच भंगारात गेली, सौ. जिंकली.

आणि पाण्यात टाकून ओळखायचा जो उपाय कोणीतरी मोबाईलवर फिरवतं तो इथे कामाचा नाही, दोन्ही बुडतात. आमच्या बिल्डिंगमध्ये केमिस्ट्रीचे एक रिटायर्ड सर राहतात, त्यांनी मला तांब्याच्या तारेची युक्ती दाखवली. जुन्या वायरमधली उघडी तार पकडीत धरून गॅसवर लाल करायची, शीटला टेकवायची, परत ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन आहे, म्हणजे पीव्हीसी. किटमधल्या शीटने हिरवीगार झाली, माझ्या शीटने काही नाही. खिडकी उघडून करा आणि टिकलीएवढ्या तुकड्यावर करा. सर म्हणाले बाइलस्टाइन टेस्ट म्हणतात याला, शे-दीडशे वर्षं जुनी आहे. सरांना इतका आनंद झाला होता की ते खाली जाऊन घरातली साबणाची डबी, पट्टी, शॉवरचा पडदा असं सगळं तपासून आले.

गमबद्दल क्लासमध्ये जे सांगितलं ते मला अर्धवट वाटलं. बाई सगळीकडे ग्लू गन मारतात. पीव्हीसीवर ते बरं बसतं, ओएचपीवर नाही, आठवड्याने खपलीसारखं सुटून आलं. पांढरा गम तर धरतच नाही, त्याला पाणी शोषणारी वस्तू लागते, प्लास्टिक कुठून शोषणार. झटपट चिकटणारा जो असतो तो धरतो पण आजूबाजूला पांढरी वाफ बसल्यासारखं होतं आणि काचेची शोभा जाते. शेवटी मी दुकानातली अक्कल वापरली, पाकळीच्या देठाला गरम दाभणाने भोक पाडलं आणि तार ओवून पिळली. एकही पाकळी हललेली नाही. गम फक्त पोलनला.

घरी अजून दोन प्रयोग केले. हेअर ड्रायरने ओएचपी वळते का, तर नाही, ढिम्म. पाण्याच्या रिकाम्या बाटलीची फुलं होतात का, तर फार छान, बाटलीच्या तळाशी त्रिकोणात १ आकडा असतो तो त्याच पॉलिएस्टर घराण्यातला, फुकट आहे आणि आधीच गोलाई असते. पण मोठी सपाट पाकळी निघत नाही, मोगरा, जाई, सदाफुली एवढ्यापुरतं ठीक.

खालच्या मजल्यावरचे एकजण म्हणाले, प्लास्टिकची फुलं कशाला हो, ती पण नाशिकमध्ये? मुद्दा बरोबर आहे. ज्या गावाला मोगलांच्या काळात गुलशनाबाद म्हणायचे, जिथे जानोरी-मोहाडीकडून पॉलीहाऊसच्या गुलाबाच्या २० फुलांच्या गड्ड्या येतात, तिथे मेणबत्तीवर गुलाब भाजत बसायचं. पण रुखवताचं म्हणाल तर ते मुलीबरोबर सासरी जातं, कपाटावर बसतं, खरा गुलाब दुसऱ्या दिवशी मान टाकतो. आधी रुखवतात थर्मोकोलचे वाडे, विहिरी, बैलगाड्या असायच्या, २०१८ पासून सजावटीचं थर्मोकोल आपल्याकडे बंदच झालं. आमची फुलं नवीन प्लास्टिक आणून केलेली नाहीत, फळीवर पडून असलेलं वापरलंय, असं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले पण क्लासला येणाऱ्या बाकीच्या काय तुमच्या फळीवरून घेणार का.

तर त्याबद्दलही सांगायला हवं, नाहीतर उद्या कोणी म्हणेल लपवलं. दिवाळीनंतर बाईंचा फोन आला, काका, तुमच्याकडे ती पाकिटं किती आहेत. मी सहा पाकिटं दिली, जुना माल म्हणून कमी भावात, फुकट त्या घेईनात. म्हणजे आता त्यांच्या किटमध्ये काही दिवस तरी खरी शीट असणार, आणि त्यात माझा फायदा झालेला आहे, हे धरून हा रिव्ह्यू वाचा. सहा पाकिटं म्हणजे ६०० शीट, किटमागे दहा, साठ किट. ती संपल्यावर त्या कुठून आणतात ते मला माहीत नाही, तुम्ही गेलात तर कोपरा दुमडून बघा.

मार्क द्यायचे तर शिकवण्याला पाचपैकी पाच, या बाईंकडून ज्योतीवरचा हात शिकण्यासारखा आहेच, ११०० रुपये त्याचेच समजा. किटला दीड, तो पण पोलन आणि टेपमुळे. सुरक्षिततेला एक, बाटली निदान एकदा तरी खाली ठेवली म्हणून. जागेला दोन, थंडीत गेलात तर तीन. चहा दिला नाही, सरबत दिलं, ते चांगलं होतं. वेळ दहा ते पाच लिहिलंय पण साडेसहा झाले, त्याबद्दल तक्रार नाही, कोणीच उठत नव्हतं.

लहान मुलांना नेऊ नका. सुती कपडे घाला, ओढणी-पदर खोचून बसा. कात्री स्वतःची न्या, तिथल्या तीन कात्र्यांत एकच चालते आणि ती सारखी माझ्याकडेच होती.

आमची आत्तापर्यंत नऊ गुलाब, चार लिल्या आणि एक जास्वंद झाली आहे. जास्वंद सौ.ने केली, माझ्याकडून शिकून, आणि माझ्या गुलाबांपेक्षा चांगली झाली आहे असं घरात आलेल्या प्रत्येकाने न विचारता सांगितलं. बाईंचा पुढचा क्लास कमळाचा आहे. हिने परस्पर नाव दिलंय, दोघांचं.